मूर्तीसाहेब आणि नाल्याच्या तोंडचा गाळ

गणपत पटलाने हिरव्या गाळाचा लिंबाएवढा गोळा तोंडात टाकला, चावला आणि गिळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनिअरसाहेबांनीही वाजवल्या. अर्ध्या तासाने पटेल मांडवाच्या खांबाला धरून ओकायला लागला, तेव्हा टाळ्या वाजवणारेच आधी मागे सरले. अगोदर फेटा पडला, मग पटेल पडला. तोंडातून तांदळाच्या धुवणासारखं पाणी, पोटात आग, पोटऱ्यांत गोळे. आमच्या गावाचा सरपंच "माय वं, माय वं" करत तलावाच्या पाळीवर लोळत होता.

मी चार हातांवर उभी होते. मला पटलाची दया वगैरे आली नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. कांताला, माझ्या सुनेला, परवापासून हेच होत होतं. तसंच पाणी, तसेच गोळे. ती पाच महिन्यांची पोटुशी होती, म्हणून आम्ही सगळ्या बायका म्हणत होतो, होते असं एकेकीला. आणि ती ज्वारीच्या कणगीचं लिंपण नखाने खरवडून खात होती, हे घरात मला एकटीला ठाऊक होतं.

"मूर्तीसाहेब," मी ओरडले, "माही सून बी हेच खाते!"

मूर्तीसाहेब पटलाच्या घशात दोन बोटं घालून बसले होते. त्यांनी बोटं काढली नाहीत, फक्त मान वळवली.

"कितने दिन से?"

"दोन मैन्यापासून."

ते उठले आणि जीपकडे पळाले. ती जीप मी आदल्या दिवसापासून मागत होते. इंजिनिअरसाहेब तेव्हापासूनच पाहणीला आलेले होते. पण जीप सरकारी होती, आणि सरकारी जीप बायकांच्या उलट्यांसाठी नसते. पटेल पडला तेव्हा तीच जीप दोन मिनिटांत सुरू झाली. मूर्तीसाहेब तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "पेशंट दो हैं," ते म्हणाले. इंजिनिअरसाहेब म्हणाले, "मूर्ती, हटो, सरपंच है." ते हटले नाहीत. सकाळपासून तलावात उतरलेला तो माणूस केसांपासून अंगठ्यापर्यंत चिखलाने माखला होता आणि बाकी सगळे उद्घाटनाला आले होते, पांढरे कपडे घालून. त्यांना हात धरून बाजूला करायला कोणी धजेना. शेवटी जीप माझ्या दाराशी आली, कांताला पटलाच्या शेजारी आडवं केलं, आणि मग आदिलाबादचा रस्ता धरला.

आता हा माणूस कोण ते सांगते.

तहसील मोडून लहान लहान मंडलं झाली, त्याच्या दोन-तीन वर्षांनंतरची गोष्ट. मी इचोड्याच्या बाजारात भाजी घेऊन बसत असे. एक दिवस एक काळा, उंच, चष्म्याचा माणूस आला. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायात काही नाही. वाकला, माझ्या पाटीत कोपरापर्यंत हात घातला आणि पार तळातली वांगी वर काढली. मी वरची वांगी पुसून रचलेली होती. प्रत्येक माळीण तशीच रचते, आणि गिऱ्हाइकाने तसंच फसायचं असतं.

"हात काढा," मी म्हणाले. "वरचे घ्या, चांगले हायेत."

"अम्मा, वरचा नको," तो म्हणाला. "अडुगूचा दे." तेलुगूत अडुगू म्हणजे तळ.

"अम्मा कोनाले म्हनता? तुमच्याच वयाची हावो मी."

"तो क्या बोलूं?"

"काई नका बोलू. वांगे घ्या अन जा."

त्याने तळातली किडकी वांगी एकेक करून बाजूला ठेवली, माझ्याकडे पाहिलं, आणि वरची चांगली घेतली. म्हणजे घ्यायची वरचीच होती. तळ पाहिल्याशिवाय मात्र घेणार नाही. पुढे दर बाजारी हेच. मिरची घेतली तरी पोत्याच्या बुडाच्या चार मोडून बघणार. आमचा ठेचा खाऊन "मीठा है" म्हणणारा माणूस मी तोच एक पाहिला. इचोड्यातले दुकानदार त्याला लांबून पाहिलं की माल उलटा करून ठेवत, तळातला वर आणि वरचा तळात. ते त्याला कळत होतं. मग तो मधला मागायचा.

हेच मूर्तीसाहेब. समुद्राकडचे तेलुगू ब्राह्मण, तलावांच्या खात्यात चिखल तपासायला होते. आमच्याकडे माझ्याशिवाय त्यांना कोणी मूर्तीसाहेब म्हणत नसे. चिखल्यासाहेब म्हणत. आता चिखल तपासायला माणूस ठेवतात, हेच आम्हाला पहिल्यांदा कळलं. आमच्या गावाच्या तलावाचा गाळ काढायचा ठरला होता. गाळ काढला की तलाव खोल होतो आणि तो गाळ शेतात टाकला की खत लागत नाही. माझी वाडी तलावाखालीच, माझ्या विहिरीला लागून. पाच बैलबंड्या गाळ माझ्या नावावर लिहून झाला होता. कामही पटलाच्या मेव्हण्याला मिळून चुकलं होतं. एवढं सगळं ठरल्यावर कोणीतरी वरून कागद पाठवला, की काढण्याआधी गाळ तपासा.

पहिल्यांदा तपासणी झाली ती मूर्तीसाहेब रजेवर असताना. दफ्तराचा शिपाई बारा काचेच्या बाटल्या घेऊन आला. तलावात बारा ठिकाणी जाऊन भरायच्या होत्या. जीप चिंचेखाली थांबली, शिपाई उतरला, पाळीवरून खाली वाकला आणि बाराही तिथेच भरल्या. त्याची चप्पलसुद्धा ओली झाली नाही. मग चिंचेखाली बसून चिठ्ठ्या चिकटवल्या: उत्तरेचा, दक्षिणेचा, मधला, नाल्याच्या तोंडचा. मी तिथेच कोथिंबीर धूत होते. रिपोर्ट आला की गाळ एकदम उत्तम.

मूर्तीसाहेब रजेवरून आले, तो रिपोर्ट वाचला आणि थेट आमच्या गावी आले. पटलाच्या ओसरीवर त्यांनी कागद ठेवला.

"पटेलगारू, बारा जागचा माल, बारा सारखेच. जुळे भाऊ पण इतके सारखे नसतात."

"तलाव एकच हाये ना साहेब," पटेल म्हणाला. "मंग गाळ बी एकच असन."

"तुमच्या घरात माणसं किती?"

"नऊ."

"घर एक आहे. सगळ्यांना ताप एकदम येतो का?"

 पटलाने चहा मागवला. पटलाकडे बोलणं संपलं की चहा येत असे.

मग मूर्तीसाहेबांनी काम सुरू केलं. उन्हाळा लागायला अवकाश होता, तलावात अजून पाणी होतं. केळीचे चार खुंट बांधून त्यांनी तराफा केला. त्यावर उभं राहून लांब लोखंडी नळी गाळात ठोकायची, वरचं तोंड बुचाने बंद करायचं आणि नळी तशीच उपसायची. पाळीवर फळी टाकून, दांडक्याने ढकलून आतला गाळ बाहेर काढायचा. अख्खी कांडी निघायची, पुरुषाच्या हाताएवढी लांब. ते तिच्यापाशी उकिडवे बसून तासभर बघत, हुंगत. गावातली माणसं जमून हसत. खात्याच्या बाटल्या संपल्या होत्या आणि नव्या येत नव्हत्या, म्हणून त्यांनी इचोड्यातून लोणच्याच्या रिकाम्या बरण्या आणून त्यांत गाळ भरला. मग तर हसणं थांबेचना. "साहेब, मुरला का?" असं रस्त्याने जाणारा माणूससुद्धा विचारायचा.

मी भाजी धुवायला तिथेच असे, म्हणून मला त्यांनी एकदा कांडी दाखवली. वर हातभर तपकिरी गाळ. त्याच्याखाली चार बोटं हिरवट थर. त्याच्याखाली काळा.

"अम्मा, हा वरचा दोन साल आधी पूर आला, त्याचा. हा काळा जुना, तुझ्या सासूच्या टाइमचा. हा बीचवाला हिरवा कुठून आला?"

"मले काय मालूम? पन तो गाळ लय गुणाचा हाये."

"कैसा?"

मी सांगितलं. नाल्याच्या तोंडाशी आम्ही बायकांनी खड्डे पाडले होते, तिथे तो हिरवा गाळ उघडा मिळायचा. त्याने भिंत लिंपली की वाळवी लागत नाही. कणगी लिंपली की ज्वारीत सोंडे पडत नाहीत. गावात बायका त्या गाळासाठी भांडत. पोचमाय देवीची कृपा म्हणून पहिल्या टोपलीला कुंकू लावत. मी त्या वर्षी नवी कणगी केली होती आणि आतून-बाहेरून त्याच गाळाने लिंपली होती. जानेवारीत भरलेली ज्वारी, एक सोंडा दाखवून दे म्हणावं.

मला वाटलं शाबासकी देतील.  ते म्हणाले, "गांडूळ?"

"नाई निंगत तिथं."

"खेकडा?"

"तो बी नाई. म्हनून त हात घालाले बरं."

ते उठून नाल्याने वर चालायला लागले. दुपारी परत आले. नाल्याच्या वरच्या अंगाला जंगलाकडे एक कारखाना होता. विजेच्या तारांसाठी लाकडी खांब लागत. ते खांब तिथे हिरव्या औषधात बुडवून ठेवत, म्हणजे जमिनीत पुरले तरी त्यांना वाळवी खात नसे. औषध उरलं, सांडलं, हौद धुतला, की नाल्यात. आम्हाला कारखाना ठाऊक होता, औषध ठाऊक होतं, आणि आमच्या लिंपणाला वाळवी लागत नाही हेही ठाऊक होतं. ह्या तीन गोष्टी एका जागी ठेवायला समुद्राकडून माणूस यावा लागला.

"अम्मा, तुझी कणगी दाखव," ते म्हणाले.

घरात येऊन त्यांनी कणगीत हात घातला. तळापर्यंत गेला नाही, कणगी उंच होती. मूठभर ज्वारी काढून परातीत टाकली आणि हलवली. दाण्यांबरोबर लिंपणाचे बारीक तुकडे खडखडले.

"यह मत खाओ. रिपोर्ट येईपर्यंत खाऊ नको. जनावराला पण नको."

"सालभराची ज्वारी हाये. काय खावावं मंग? तुमच्या बरण्या?"

"अम्मा, मी खात्रीने नाही बोलत. रिपोर्ट येऊ दे."

तिथेच चुकलं. दोघांचंही. त्यांनी "रिपोर्ट येऊ दे" म्हटलं, कारण तपासल्याशिवाय ठाम बोलणं त्यांच्या अंगात नव्हतं. आणि मी ते सोयीचं तेवढं ऐकलं. दर बाजारी मी त्यांना विचारायची, "आला का रिपोर्ट?" ते म्हणायचे, "नाही." मी म्हणायची, "म्हंजे काई नसन." ज्या सरकारच्या कागदावर मी आयुष्यात कधी विश्वास ठेवला नाही, त्याच कागदाची वाट बघत मी माझ्या घराला भाकरी करून घालत होते. पुढच्या सालची नवी ज्वारीही मी त्याच कणगीत भरली. थोडं पोट दुखायचं. नवऱ्याच्या तळहातांची कातडी खरखरीत झाली. आम्ही म्हटलं, कापसाच्या फवारणीने झाली असेल.

आणि कांताचं. पहिलटकरणीला मातीचे डोहाळे लागतात. मलाही लागले होते, माझ्या सासूलाही. आमच्याकडे त्यात कोणी काही वाईट मानत नाही. ती कणगीमागे बसून लिंपण खरवडायची, मी दुसरीकडे बघायची. हे मी मूर्तीसाहेबांना सांगितलं नाही. परक्या पुरुषाला सुनेचे डोहाळे सांगायचे असतात का? ते सगळं विचारायचे, गांडूळ, खेकडा, विहिरीचं पाणी, म्हशीचं दूध. माती कोणी खातं का, हे त्यांनी विचारलं नाही. पुरुषाला ते सुचत नाही.

रिपोर्टचं काय झालं तेही सांगते. त्यांनी पहिल्या बरण्या बसच्या ड्रायव्हरजवळ हैदराबादला पाठवल्या. महिन्याने बरण्या परत आल्या, स्वच्छ धुतलेल्या. सोबत पत्र, की आपल्या बरण्या चुकून आमच्याकडे आल्या होत्या, परत करत आहोत. दुसऱ्यांदा स्वतः घेऊन गेले. तिथे सांगितलं की अर्जावर इंजिनिअरसाहेबांची सही नाही. इंजिनिअरसाहेब म्हणाले, एक रिपोर्ट आलेला असताना दुसरा मागायचा म्हणजे पहिल्यावर अविश्वास दाखवणं, आणि पहिल्यावर माझी सही आहे. मूर्तीसाहेबांनी त्यांच्या सहीशिवाय बरण्या तिथे ठेवून दिल्या आणि आले.

"तुमाले कोनी काई म्हनत नाई?" मी एकदा विचारलं.

"बोलतात. बोलले म्हणून तर इथे आलो." आणि मग त्यांनी बंदराचं सांगितलं. आधी ते एका बंदरात होते. तिथे मोठी जहाजं आणायची होती. जहाज मोठं तर तळ खोल पाहिजे, खोल पाहिजे तर गाळ काढा. ह्यांनी नळी ठोकली. जहाजाच्या बुडाला शिंपले चिकटू नयेत म्हणून जो विषारी रंग लावतात, तो कित्येक वर्षं खरवडून तिथेच पाण्यात पडत होता. "मी लिहिलं, हा गाळ झोपला आहे, झोपू द्या. काढला तर उठेल, माशात जाईल, माशातून माणसात. काढायचाच तर आधी ठरवा कुठे ठेवणार. साहेब बोलले, मूर्ती, तू बंदराचा विकास थांबवतो. मग माझी बदली समुद्र नाही अशा जिल्ह्यात केली."

"अन इथं बी चिखलच भेटला."

"अम्मा, चिखल सगळीकडे आहे. समुद्र थोड्या जागी आहे."

ते हसले. ते फार कमी हसत, आणि हसले की चष्मा काढून पुसत. पुसायचे चिखलाच्याच हाताने, मग पुन्हा काही दिसायचं नाही.

रिपोर्ट न येताच उद्घाटनाचा दिवस ठरला. तलाव निम्मा आटला होता. मांडव घातला, बैलांच्या शिंगांना गोंडे बांधले, बंड्या पाळीवर रांगेने लागल्या. माझीही त्यात होती. नारळ फुटायच्या आत मूर्तीसाहेब तलावातून फळी घेऊन वर आले. फळीवर अख्खी कांडी, हिरवा थर वर करून ठेवलेली. खुर्च्यांसमोर ठेवली आणि म्हणाले, "हा काढू नका. शेतात टाकू नका. यात जहर आहे."

पटेल उठला. "साहेब, सव्वा साल झाले तुमी जहर जहर करून राह्यले. रिपोर्ट कुठं हाये?"

"आला नाही."

"मंग तुमी काऊन घाई करून राह्यले?" लोक हसले. हसल्यावर पटलाला आणखी चढलं. "आमच्या बायकांनी ह्याच मातीनं घरं लिंपली. आमी ह्याच मातीत जलमलो. जहर म्हनता? हे घ्या." आणि फळीवरचा हिरवा गोळा उचलला.

खाली वाकून पाळीचा चिखल उचलला असता तरी लोकांनी टाळ्या वाजवल्याच असत्या, आणि त्याला काही झालं नसतं. पण आमच्या पटलाला दुसऱ्याच्या फळीवरचंच उचलायची सवय. मूर्तीसाहेब त्याच्या हातावर झडप घालायला गेले. मेव्हण्याने त्यांना धरलं. बाकीचं वर सांगितलंच आहे.

आदिलाबादच्या दवाखान्यात पहिल्यांदा म्हणाले, ऊन लागलं. मूर्तीसाहेब तसेच चिखलात उभे राहून ओरडले, "संखिया! संखिया है!" संखिया म्हणजे आपला सोमल. तरुण डॉक्टर होता, त्याने त्यांच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. मूर्तीसाहेबांनी खिशातून चिखलाने भिजलेला कागद काढला, कारखान्याच्या औषधात काय काय असतं ते लिहिलेला, आणि डॉक्टरच्या टेबलावर चिकटवला. खरंच चिकटवला, ओला होता. डॉक्टरने वाचला आणि नागपूरला फोन लावला. इंजेक्शनं दुसऱ्या दिवशी आली. तेलातली, घट्ट. कांता ओरडायची नाही. पटेल एवढा ओरडायचा की बायकांच्या खोलीत ऐकू यायचं.

पोटातल्याबद्दल डॉक्टर म्हणाला, आता सांगता येत नाही.

घरी येऊन मी पहिलं काम केलं ते कणगी फोडायचं. ज्वारी खड्डा करून पुरली. नवरा म्हणाला, "रिपोर्ट येऊ दे." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो फावडं घेऊन आला.

गाळाचं काम थांबलं. मूर्तीसाहेबांच्या सांगण्याने नाही. दुसऱ्या दिवशी एकाही बंडीवाल्याने गाळाला हात लावायला नकार दिला. मेव्हण्याने शपथा घेतल्या, कोणी ऐकलं नाही. मूर्तीसाहेब मला म्हणाले, "अम्मा, मी सव्वा साल लिहिलं. कोणी वाचलं नाही. पटलाची उलटी सगळ्यांनी वाचली."

पटेल महिनाभरात उभा राहिला. इंजिनिअरसाहेबांनी वर लिहून पाठवलं, की सरपंचांना उन्हाचा त्रास झाला आणि लोकभावना लक्षात घेऊन काम तूर्त थांबवलं आहे. गावात पटलाचा सत्कार झाला. जिवावर उदार होऊन त्याने गावासाठी गाळाची परीक्षा केली, असं भाषणात सांगितलं. हार घालताना तो माझ्याकडे बघत नव्हता. पुढच्या निवडणुकीत तो ह्याच गोष्टीवर मंडलात गेला. आजही म्हातारा सांगतो, "जहर हाये हे मीच साबित केलं." खरंच आहे म्हणा.

कारखाना दोन वर्षांनी हलला. बंद झाला नाही. दुसऱ्या नाल्यावर गेला.

रिपोर्ट आला तो पावसाळ्यात. मूर्तीसाहेबांनी मला बाजारात वाचून दाखवला. लिहिलं होतं, की नमुने ठरलेल्या बाटल्यांत न पाठवता लोणच्याच्या बरण्यांत पाठवल्यामुळे तपासता आले नाहीत. त्यांनी कागद नीट घडी घालून खिशात ठेवला. त्या दिवशी त्यांनी माझ्या पाटीत हात घातला नाही. वरचीच भेंडी घेतली. मला ते बरं वाटलं नाही. मी म्हणाले, "तळातली पाहा ना." ते म्हणाले, "रहने दो, अम्मा."

त्याच टपालात त्यांच्या बदलीचा कागद होता. कुठे ते त्यांनी सांगितलं, मला आता आठवत नाही. पुन्हा त्यांची गाठ पडली नाही. पत्र आलं नाही, आणि आलं असतं तरी तेलुगूत आलं असतं.

जायच्या आधी ते आमच्या घरी आले. पाय धुऊन आले होते, पहिल्यांदाच चपला घालून. कांता आत होती. चटईवर बसले, पाणी प्याले, आणि पिशवीतून एक वही काढली. दफ्तराची नव्हे, स्वतःची. त्यात तलावाचं चित्र, कुठे नळी ठोकली, कुठे हिरवा थर किती बोटं, सगळं लिहिलेलं.

"अम्मा, हे दफ्तर मागत नाही. मी लिहून ठेवतो. या घरात ती ज्वारी किती जणांनी खाल्ली?"

"चौघांनी. मी, हे, पोरगा अन कांता."

"लिंपण कोणी खाल्लं?"

"कांतानं एकटीनं."

"कणगी कोणी लिंपली?"

"मी."

त्यांचा हात थांबला. "ते नाही लिहीत," ते म्हणाले.

"लिवा," मी म्हणाले. "खरं हाये ते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं.  पुढचं विचारायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, म्हणून मीच सांगितलं. सातव्या महिन्यात झाली. मुलगी. रडली नाही, हलली नाही. आम्ही चौघं जगलो, कांतासुद्धा. पोरगी जगली नाही.